नवरीच्या हातातलं रिष्टवाच

आमच्या घरात घड्याळ आधी ऐकू आलं. दिसलं लई उशिरा. आमची वस्ती कळंब्याला, जेलच्या मागच्या अंगाला. जेलात कुणीतरी दर तासाला पितळेच्या जाड थाळीवर टोला हाणायचा आणि तो टोला भिंतीवरून उडी मारून आमच्या चुलीपर्यंत यायचा. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "घड्याळ वाजलं, उठा." वारं तळ्याकडनं असलं की स्वच्छ ऐकू यायचं, उलटं असलं की काहीच नाही, मग आई म्हणायची, "आज घड्याळ उपाशी हाय वाटतं." त्यामुळं कितीतरी वर्षं माझी समजूत अशी की घड्याळ म्हणजे भिंतीआड कोंडलेली एक वस्तू, तिला मारलं की ती ओरडती. चौथीनंतर शाळा सुटली, तवर ही समजूत काढायला कुणी भेटलं नाही. आता माझी बायको सुमन असती तर म्हणाली असती, भेटलं होतं, तुमचं ध्यान नव्हतं. ती जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. काही लिहायला बसलो की तिची टोचणी अशी मधीच येती, तिला मी आवर घालणार नाही.

घर म्हणजे दोन खणाची खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत आबांची बाज, म्हणजे माझ्या वडिलांची. आबा गगनबावड्याकडचं गाव सोडून इकडं आले आणि वीटभट्टीवर लागले. थोरले चुलते नाना शेजारच्याच खोलीत. नानांना पोरबाळ नव्हतं. त्यामुळं मी दोघांचा. हुलग्याचं माडगं झालं की आई पहिली वाटी नानांकडं पाठवायची आणि नाना ती अर्धी पिऊन उरलेली मलाच पाजायचे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं नानांचं जे ऐकाल त्यावरनं तुम्ही त्यांना वाईट म्हणाल. तसे नव्हते ते.

आबा एक गोष्ट सांगायचे, त्यांच्या लग्नाची. पूर्वी घड्याळ नव्हतं तेव्हा वाटी असायची. तांब्याची, बुडाला बारीक भोक. घंगाळात पाणी भरायचं, त्यावर वाटी सोडायची. भोकातनं पाणी आत चढायचं आणि वाटी भरली की बुडायची. एवढ्या वेळाला घटका म्हणायचं. घटका भरली की लग्न लावायचं, आणि माणूस मरायला टेकला तरी घटका भरली म्हणायचं. एकच वाटी, दोन कामं. तर आबांच्या लग्नात ती वाटी जोशाच्या अंगणात होती आणि आमची माणसं कुंपणाबाहेर, वैशाखाच्या उन्हात. आत पाय ठेवायचा नाही अशी रीत. नानांना कुंपणाला उभं केलेलं, आतनं हाक आली की पळत जाऊन मांडवात सांगायचं म्हणून. हाक काही येईना. जोशी जेवून लवंडला होता म्हणे. वाटी बुडाली का तरंगतीया, बघणार कोण? नाना तिथं उभेच. विचारायचं तरी कुठल्या तोंडानं. इकडं आई घेरी येऊन पडली. ही गोष्ट सांगताना आई पदर तोंडाला लावून हसायची. "माझ्या लग्नाची वाटी कवा बुडाली ते मला अजून ठावं न्हाय. बुडाली तरी का, कुणाला म्हाईत." आबा हसायचे नाहीत. नाना तर उठून बाहेर जायचे.

पुढं आम्ही धम्म घेतला, तेव्हा आबांनी सगळ्यात आधी सोडला तो मुहूर्त. "आता येळ आपुन ठरवायची," म्हणाले. ठरवायची खरी, पण बघायची कशात? घरात घड्याळ नव्हतं. जेलचं ऐकू येत होतं तेवढंच.

हातातलं घड्याळ मी पहिल्यांदा जवळनं बघितलं ते फाउंड्रीत. मिशा फुटायच्या आत मी ओतकामाला लागलो होतो. आमच्या मिस्त्रीच्या हातात ते असायचं. त्याला आम्ही रिष्टवाच म्हणायचो. नुसतं घड्याळ म्हटलं की भिंतीवरचं, नाहीतर भोंगा. रिष्टवाच म्हटलं की माणसाच्या अंगावरचं. जाहिरातीत मनगटी घड्याळ असं छापलेलं असायचं, पण तसं बोलताना मी कुणाला ऐकलं नाही. बायका फक्त "हातातलं" म्हणायच्या. रिष्टवाच ह्या शब्दाचा अर्थ आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हता, पण तो तोंडातनं काढला की बोलणारा वीतभर उंच व्हायचा. कुणी विचारलं, "मिस्त्री, किती वाजलं?" की मिस्त्री लगेच सांगायचा नाही. आधी हात झटकायचा, बाही वर जायची, मग कोपर वाकवून, डोळे बारीक करून बघायचा. एवढं करून म्हणायचा, "हाय अजून येळ." आकडा सांगायचाच नाही. मनगटाला आमच्यात ठरलेली कामं होती. बाईच्या मनगटाला बांगडी, गड्याच्या मनगटात जोर. त्या जोराच्या वर काहीतरी चकाकतंय हे मला लई भारी वाटायचं. मी मनगटाला काळा दोरा बांधला आणि एकटा असलो की हात झटकून त्यात बघायचो.

खरं सांगायचं तर भट्टीवरच्या माणसाला ते चालतच नाही. वितळलेल्या लोखंडाचं भांडं दोघांनी धरून साच्यात ओतायचं, ठिणग्या उडणार, काच तडकणार, काळी वाळू आत जाणार. ओतणाऱ्यांनी हातात काही घालायचं नाही असा दंडकच होता. माझ्या दोन्ही मनगटांवर भाजल्याचे डाग होते, अजून आहेत. हे सगळं माहीत असून मला ते पाहिजे होतं. सुट्टीच्या दिवशी घालीन म्हणायचो. आणि ते मिळायची वाटही माहीत होती. लग्न. मांडवात मुलीच्या बापानं जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधायचं, चारचौघांत, ही नवीन रीत तेव्हा सगळीकडं पडली होती. आमच्या वस्तीत तर पडलीच होती. आम्ही हुंडा घेत नाही, देत नाही, हे आमच्या समाजात छातीठोक सांगायचे. पण घड्याळ हुंड्यात कुणी धरत नव्हतं. तो मान. मागायचा नसतो, बोलायचा नसतो, तो आपोआप व्हायचा असतो. सगळा घोळ झाला तो इथं. जे बोलायचंच नाही, त्याचा खुलासा कोण कुणाकडं मागणार?

स्थळ नानांनीच आणलं, हातकणंगल्याचं. मुलीचे वडील रेल्वेत गँगमन. मुलगी कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होती, शेवटच्या वर्षाला. चौथी शिकलेल्या ओतकाम्याला नर्स कशी काय देतात, असं आबांनी दोनदा विचारलं. नाना म्हणाले, "पोरगं निर्व्यसनी हाय, हात चालतोय. आनि काय पायजे?" आम्ही बघायला गेलो. मुलीनं पोहे आणले. मी खाली बघत होतो, त्यामुळं तिचे पाय तेवढे दिसले. नाना मात्र सगळीकडं बघत होते. समोरच्या कोनाड्यात पांढऱ्या फडक्यावर एक रिष्टवाच ठेवलेलं. मोठ्या तबकडीचं, कातडी पट्ट्याचं, गडीमाणसाचं वाटावं असं.

"नवं घेतलंय वाटतं?" नानांनी विचारलं.

"व्हय की," मुलीचे वडील हसून म्हणाले. "औंदाच घेतलं. दोन शेळ्या गेल्या त्येच्यापायी. पर घ्यायलाच लागतंय, त्याबिगार चालतंय कुठं."

"तर वो," नाना म्हणाले. "त्याबिगार कुठलं चालतंय."

दोघंही खूश. लग्नाआधी घड्याळ घेऊन असं दिसेल तिथं मांडून ठेवायची पद्धतच होती. पावण्यांना न बोलता कळावं म्हणून. त्या बापानं मात्र ते कोनाड्यात ठेवलं होतं ते पोरीच्या कौतुकानं. नाडी मोजायला नर्सला सेकंदाचा काटा लागतो, बायकांच्या नाजूक घड्याळात तो नसायचा, म्हणून गड्याचं घेतलेलं. दोघांनी एकाच वस्तूकडं बोट केलं आणि दोघं दोन गोष्टी घेऊन उठले. घरी येईपर्यंत नानांनी निम्म्या वस्तीला सांगितलं, घड्याळ डोळ्यानं बघून आलोय. मी फाउंड्रीत सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "आन दाखवायला. बगू कुठल्या कंपनीचं हाय."

लग्न मुलीच्या दारात. पत्रिकेत मुहूर्त नव्हता, नुसती वेळ घातलेली. मांडवाच्या एका टोकाला टेबल, त्यावर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, फुलं. मागच्या बाजूला वांग्याचं कालवण रटरटत होतं आणि बुंदीचा वास सगळीकडं. मी नव्या पांढऱ्या शर्टात, तोंडाला रुमाल लावून बसलेलो. नवरदेवानं मांडवात बोलायचं नसतं. रुमाल धरायचा आणि जे चाललंय ते बघायचं. माझी डावी बाही मी घरीच एक घडी वर दुमडून आलो होतो.

सुमन आली. पांढरं पातळ, एका हातात बांगड्या. दुसऱ्या मनगटावर तो कातडी पट्टा. तबकडी दिसत नव्हती, ती आत, नाडीच्या बाजूला फिरवलेली. बायकांत कुजबुज सुरू झाली. "नवरीनंच घातलंय गं." "आता काढंल बाप आन बांधंल जावयाला." नाना पुढं सरकून बसले, चांगलं दिसावं म्हणून. बौद्धाचार्य उभे राहिले, आम्हाला उठायला सांगितलं. मुलीचे वडील हात जोडून उभे, बाकी काहीच करेनात.

"थांबा जरा," नाना म्हणाले. "आधी घड्याळ हुंदे."

"कसलं घड्याळ?" मुलीच्या वडिलांनी विचारलं. खरंच विचारलं. त्या माणसाच्या तोंडावर कपट नव्हतं.

"कसलं म्हंजे? कोनाड्यातलं. डोळ्यानं बघितलंय की आमी. तुमी हसून सांगितलं."

"ते पोरीचं हाय पावणं. शाळंचं हाय तिच्या. नर्सिंगच्या."

"पोरीचं?" नानांनी मांडवाकडं बघितलं, जसं काही मांडवालाच विचारतायत. "पोरीला घड्याळ कशाला? चूल पेटवायचा मुहूर्त बघायचाय?"

काहीजण हसले. मुलीचे वडील हसले नाहीत. त्यांच्या तोंडावरचा रंग बघता बघता उतरला. मला ते रुमालाआडनं दिसत होतं. त्या माणसाला आत्ता कळलं होतं की गेले कित्येक आठवडे दोन घरं वेगवेगळं समजून चालली आहेत, आणि आता दारात मांडव आहे, चुलीवर चारशे माणसांचं अन्न आहे, आणि पोरगी पांढरं पातळ नेसून उभी आहे.

"आबा, तू बोल की," नाना माझ्या वडिलांना म्हणाले. नाना थोरले. थोरल्या भावापुढं आबांनी जन्मात तोंड उघडलं नव्हतं.

"घड्याळ बांधल्याबिगार आमचं पोरगं हुबं ऱ्हाणार न्हाय," नाना म्हणाले. आवाज आता चढला होता. "वस्तीतल्या समद्या पोरांस्नी बांधलं. माझ्याच पोरात काय खोट हाय?"

माझ्या पोरात, म्हणाले. पुतण्यात नाही. मागं कालवण ढवळणारा सुद्धा थांबला असावा, पळीचा आवाज बंद झाला. मुलीचे वडील दोन पावलं चालून लेकीपाशी गेले. सुमननं हात पुढं केला. त्यांनी बक्कल सोडलं. आयुष्यभर रूळ उचललेली बोटं ती, बक्कलाचा खिळा त्यांना सापडेना. शेवटी निघालं. तिच्या मनगटावर पट्ट्याची पांढरी खूण उरली. ते घड्याळ दोन्ही हातांत धरून, फुटेल असं, ते माझ्यापुढं आले आणि खाली बसले.

मी हात पुढं केला. लपवून काय करू, केला. मला पाहिजे होतं ते. त्यांनी पट्टा माझ्या मनगटावर गुंडाळला, आणि तो पोचेना. सुमनचं मनगट बारीक, तिच्या मापानं पट्टा कापून आणलेला. भट्टीवरचं मनगट ते, त्याला कसा पुरणार? बक्कल आणि भोक यांच्यात बोटभर अंतर. त्यांनी ओढलं. कातडं करकरलं.

"मूठ सैल सोडा जावईबापू," ते हळू म्हणाले.

"सैलच हाय मामा," मी रुमालाआडनं पुटपुटलो. "हातच असा हाय."

त्यांनी परत ओढलं. घाम त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरनं माझ्या हातावर पडला. चारी बाजूंनी माणसं वाकून बघायला लागली. कुणी म्हणालं, "आणि एक भोक पाडा." कुणी म्हणालं, "भोक पाडून काय, कातडंच पुरत न्हाय." नानांनी उपरण्याची दशी तोडली आणि पुढं केली. "ह्येनं बांधा. आजच्या दिसापुरतं. उद्या पट्टा दुसरा घालू."

तेव्हा सुमन बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा.

"बांधा सुतानं. माझी ना न्हाय," ती म्हणाली. "पर सोमवारी वार्डात नाडी कशानं मोजू, तेवढं पावण्यांनी सांगून जावं."

"नाडी?" नाना गर्रकन वळले. "परक्या गड्यांच्या नाड्या बघत फिरणार व्हय तू?"

"बघणार. शिकलेच हाय त्येच्यासाठी. तुमची बी बघीन नाना, लई जोरात चाललीया आत्ता. कपाळावर शीर उडतीया, हितनं दिसतीया."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसणं मधीच मेलं. तिच्या आईनं कपाळाला हात लावला. नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "सदा, ऊठ. चल घरला."

मी उठलो. हे लिहायलाच पाहिजे, कारण लोक पुढं सांगायचे की मी जागचा हललो नाही. मी उठलो, अर्धा. ज्या माणसानं वाटीतलं अर्धं माडगं ठेवून मला पाजलं, त्यानं ऊठ म्हटलं की माझे गुडघे आपोआप उचलायचे. पट्ट्याचं एक टोक सासऱ्यांच्या हातात होतं आणि घड्याळ अजून माझ्या मनगटाला चिकटलेलं. ते टिकटिकतंय हे मला चामडीला कळत होतं. मी आबांकडं बघितलं. आबा नानांकडं बघत नव्हते, माझ्याकडंही नाही. ते त्या घड्याळाकडं बघत होते.

मी रुमाल खाली घेतला. "नाना, माझ्या हाताला बसत न्हाय ते."

"दुसरा पट्टा घालूया म्हणतोय न्हवं मी!"

"भट्टीवर घालू देत न्हाईत. खुंटीला टांगून ठिवायचं मी. तिच्या हाताला बसतंय. तिच्या कामाचं हाय."

"आनि आमचा मान?"

नाना उन्हात कुंपणाला उभे राहिले होते त्या दिवसापासनं त्यांना कुणीतरी काहीतरी देणं लागत होतं, आणि ते फेडायला तिथं फक्त एक गँगमन होता, ज्याच्याकडं ते नव्हतंच. मी खाली बसलो. घड्याळ सासऱ्यांच्या हातातनं घेतलं आणि सुमनपुढं धरलं.

"मग आजपास्नं मला पोरगं न्हाय," नाना म्हणाले. ओरडले नाहीत. उपरणं खांद्यावर टाकलं आणि मांडवाबाहेर पडले. त्यांच्यामागं आमच्याकडची आठ-दहा माणसं उठली. आबा भावामागं धावले, मांडवाच्या खांबापर्यंत. तिथं खांबाला धरून थांबले. माझी आई जागेवरच होती, तिनं पदराचं टोक दातात धरलेलं. मला वाटलं आबा जाणार. सुमनला वाटलं, सगळ्यांनाच वाटलं. नाना रस्त्याला लागलेले दिसत होते, त्यांची पांढरी टोपी वडाच्या सावलीत गेली, परत उन्हात आली.

आबा वळले. टेबलापाशी आले आणि सुमनला म्हणाले, "पोरी, बांध ते हाताला."

तिनं बांधलं. एका हातानं, सवयीनं, शेवटच्या भोकात.

"आता बघ आनि सांग. किती वाजलं?"

सुमननं मनगट उलटं केलं, बघितलं आणि सांगितलं. मिस्त्रीसारखे आढेवेढे न घेता, सरळ आकडा सांगितला.

"मग हीच आमची येळ," आबा म्हणाले. "लावा लगीन."

कुंपणाबाहेर नाही, भिंतीआड नाही. आमच्या घरातल्या लग्नाची वेळ त्या दिवशी नवरीनं आपल्या मनगटावर बघून सांगितली. पण 'लावा लगीन' म्हणताना आबा रडत होते, आणि ते आनंदानं रडत होते असं जे म्हणतात त्यांना भाऊ नसावा. नाना परत कधी आमच्या दारात आले नाहीत. माडग्याची वाटी आई पाठवायची, ती भरलेली परत यायची. एका घड्याळापायी भाऊ गेला, असं लोक म्हणायचे, आणि आबा ते ऐकून घ्यायचे.

रिष्टवाच म्हणजे काय ते मला सुमननंच सांगितलं. तिला त्यांच्या मेट्रननं सांगितलेलं. रिस्ट म्हणजे मनगट आणि वॉच म्हणजे जागं राहणं, पहारा. पूर्वी पहारेकरी पाळीनं जागायचे, त्या पाळीला ते नाव, मग ती पाळी मोजणाऱ्या वस्तूला. "वार्डात म्हणत्यात न्हाईत का, पेशंटवर वॉच ठेव, ते ह्येच," ती म्हणाली. आणि आपलं घड्याळ तर सरळ त्या वाटीवरनं आलेलं, घट म्हणजे मडकं, घटी, घटका, मग वेळ सांगायला बडवायची थाळी, मग घड्याळ. शिकलेली माणसं यात चूक काढतील, काढोत बापडी. आणखी एक गोष्ट तिनं हसत हसत सांगितली होती. साहेबाच्या देशात पुरुष घड्याळ साखळीला लावून खिशात ठेवायचे. मनगटावर पहिल्यांदा घातलं ते बायकांनी, बांगडीसारखं. गड्यांना त्याची लाज वाटायची. पुढं लढाईत खिशात हात घालायला सवड मिळेना, तेव्हा शिपायांनी बांधलं आणि मग ते मर्दाचं झालं. "नानांस्नी सांगा की हे," म्हणाली. पण नानांना सांगायची सोय उरली नव्हती.

नोकरीभर तिनं तेच वापरलं. पट्टे बदलले, घड्याळ तेच. सकाळी चहाच्या आधी चावी द्यायची, तबकडी आत फिरवून बांधायची. सेकंदाच्या काट्यावर नाडी कशी मोजायची ते मलाही शिकवलं, उगंच, करमणूक म्हणून. "दोन बोटं ठेवा. अंगठा न्हाय. अंगठ्यात सोताचीच नाडी असती, ती दुसऱ्याची वाटती." मी हटकून अंगठा ठेवायचो आणि ती हातावर चापट मारायची.

दवाखान्यात शेवटी तिच्या हाताला सुया होत्या, म्हणून घड्याळ दुसऱ्या हातात घातलेलं. काढायचं नाही म्हणून तिनं सांगून ठेवलं होतं. दुपारची वेळ, खिडकीत ऊन होतं, आमचा मुलगा औषधं आणायला खाली गेलेला. मी तिचं मनगट धरून बसलो होतो. नर्स आली, कोवळी पोरगी होती. तिनं गळ्यापाशी बोटं लावली, डोळ्यात उजेड टाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आता सोडा हात." मी म्हणालो, "अगं चाललीया की नाडी. लागतीया मला. चांगली लागतीया." ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मग मीही बघितलं. मी अंगठा ठेवला होता.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "घड्याळ काढू का?" मी म्हणालो, तू नको. मांडवात जे मी तिला परत दिलं होतं, ते मीच काढलं. बक्कलाचा खिळा मलाही सापडेना.

नवरा मेला की बाईच्या मनगटावरच्या बांगड्या फोडायच्या, अशी रीत होती. बायको मेली तर गड्याच्या मनगटावरनं काय काढायचं, याची रीत कुणी घातली नाही. माझ्या मनगटावर तर काही नव्हतंच कधी. मुलगा म्हणतो, "बाबा, मोठा पट्टा घालून देतो, वापरा तुम्ही." मी नको म्हणतो. कोनाड्यात फडक्यावर ठेवलंय, पट्टा तिच्या हाताच्या गोलाईनं वाकलेला आहे तसाच. सकाळी चहाच्या आधी चावी देतो. चाललंय अजून.